प्राथमिक वर्गातली गणिताची रोजची दहा मिनिटं: शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली ते पाचवीला गणित शिकवणारे सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या वर्गातल्या अनुभवातून आलेली आहेत. काही ठिकाणी संशोधनाचा आधारही दिला आहे.

रोजचा उपक्रम आणि एखाद्या दिवशी घेतलेला खेळ यांत फरक काय?

रोजच्या उपक्रमाची रीत ठरलेली असते, फक्त त्यातल्या संख्या बदलतात. सोमवारी ठिपक्यांचं कार्ड दाखवलं, तर पुढच्या सोमवारीही ठिपक्यांचंच कार्ड. आठवड्याभरात मुलांना नियम सांगावे लागत नाहीत आणि त्यांचं सगळं लक्ष गणिताकडे जातं. नवा खेळ आणला की निम्मा वेळ 'आता कोणाची पाळी' यातच संपतो. खेळ वाईट नाहीत, पुढे दोन-तीन सांगितलेही आहेत. पण वर्गात फरक पडतो तो रोजच्या साध्या रीतीने.

अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, त्यात ही दहा मिनिटं कुठून आणायची?

तासाच्या सुरुवातीला, हजेरी झाली की लगेच. उजळणी म्हणून आपण फळ्यावर जी पाच उदाहरणं देतो, त्यांच्या जागी हे घ्या. वेळ वाढवावा लागत नाही, आहे तोच वापरायचा. मात्र दहाची पंचवीस मिनिटं होऊ देऊ नका. चर्चा रंगात असताना थांबवली तर मुलं दुसऱ्या दिवशी आपणहून विचारतात, "आज कोणती संख्या?"

सुरुवात कशाने करू?

संख्यागप्पांनी. याला साहित्य लागत नाही, खडू पुरतो.

फळ्यावर ३८ + २७ लिहा. आडवं लिहा, उभं मांडू नका. उभी मांडणी दिसली की मुलं हातच्याकडे धावतात आणि संख्या पाहायच्या राहून जातात. वही-पेन्सिल बंद. उत्तर मिळालं की हात वर करायचा नाही, छातीपाशी अंगठा दाखवायचा. दुसरी रीत सुचली तर अंगठ्याशेजारी एक बोट. वर गेलेला हात पाहून विचार करणारं मूल मधेच थांबतं, अंगठा फक्त शिक्षकाला दिसतो. बदल एवढासाच आहे, पण करून पाहा.

मग फक्त उत्तरं विचारा आणि आलेली सगळी फळ्यावर लिहा. चेहऱ्यावर काही दाखवू नका. माझ्या वर्गात एकदा तीन उत्तरं आली: ६५, ५५ आणि ५१५. नंतर विचारायचं, "कसं केलंस?"

एकाने सांगितलं, तीस आणि वीस पन्नास, आठ आणि सात पंधरा, झाले पासष्ट. दुसरीने सत्तावीसमधले दोन अडतीसला दिले, चाळीस झाले, उरले पंचवीस. तिसऱ्याने अडतीसला चाळीस धरलं, सदुसष्ट आले आणि जादा घेतलेले दोन परत केले. प्रत्येकाचं बोलणं मी त्याच्याच शब्दांत फळ्यावर मांडत होते.

५१५ म्हणणारी मुलगी शेवटी बोलली, "पन्नास आणि पंधरा. पाचशे पंधरा." तिचा विचार बरोबर होता, लिहिताना दोन्ही भाग शेजारी शेजारी आले होते. मी काही बोलणार तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "पण दोन्ही पन्नासपेक्षा लहान आहेत ना? मग शंभरच्या पुढे कसं जाईल?" मुलगी क्षणभर फळ्याकडे पाहत राहिली. मग उठली, ५ शेजारचे १ आणि ५ पुसले, पन्नास पूर्ण लिहिले, त्याखाली पंधरा लिहिले आणि पासष्ट म्हणाली. हे मी समजावून सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच केलं असतं.

मी विचारतो, पण वर्ग गप्प बसतो. काय करू?

आधी हे पाहा, की प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्नानंतर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते. तो अवकाश तीन सेकंदांवर किंवा त्याहून जास्त नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, 'येत नाही' कमी झालं. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, वर्गासमोर उभं राहिल्यावर मात्र फार मोठे होतात. मी मनात दहापर्यंत मोजते.

दुसरं म्हणजे सगळ्यांसमोर बोलण्याआधी शेजाऱ्याशी बोलू द्या. आणि "कसं केलंस?" हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकलेल्या मुलालाच तो विचारला, तर वर्ग ताडतो की बाईंनी 'कसं' विचारलं म्हणजे आपलं चुकलंय. मग कोण तोंड उघडेल?

पहिलीच्या मुलांना बेरीज येत नाही. त्यांच्याशी संख्यागप्पा कशा करायच्या?

ठिपक्यांनी. जाड कागदावर पाच-सहा ठिपके काढा, कार्ड दोन-तीन सेकंद दाखवून उलटं करा. विचारा, "किती दिसले? कसे दिसले?" खरा प्रश्न दुसरा आहे.

चारपर्यंतच्या वस्तू आपल्याला न मोजता, एका नजरेत कळतात. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने हे स्वतःवर तपासून १८७१ साली प्रसिद्ध केलं. तो मूठभर शेंगदाणे डबीत टाकावेत तशा घेवड्याच्या बिया टाकायचा आणि क्षणभर पाहून आकडा ठरवायचा. तीन-चार बियांना तो एकदाही चुकला नाही, पाचपासून चुका सुरू झाल्या. म्हणून पाचाच्या पुढे मूल आपोआप गट करू लागतं. सात ठिपके कोणाला चार आणि तीन दिसतात, कोणाला पाच आणि दोन. दहा घरांची चौकट असेल, म्हणजे पाच-पाच घरांच्या दोन ओळी, तर कोणी म्हणतं, "तीन घरं रिकामी होती, म्हणून सात." सहा वर्षांचं मूल त्या क्षणी दहातून तीन वजा करत असतं, वजाबाकी हा शब्द न ऐकता.

'पंचवीस' म्हटलं की मुलं ५२ लिहितात. हे दुर्लक्षामुळे होतं का?

अजिबात नाही. मूल नीट ऐकतंय म्हणूनच असं लिहितं. मराठीत एकक आधी ऐकू येतो, पंच मग वीस. लिहिताना मात्र दशक आधी. जर्मन मुलांनाही हाच उलटा क्रम सांभाळावा लागतो. त्यात 'एकोण'ची भर. एकोणतीस ऐकताना तीस कानावर पडतात आणि लिहायचा असतो २. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत नीट चालते आणि शंभरच्या आधी एकोणशंभर न येता नव्याण्णव येतं. मुलाने 'एकोणशंभर' म्हटलं तर रागावू नका, त्याने नियम स्वतः शोधलाय.

मी तीन गोष्टी करते. संख्या सांगितली की आधी काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडायला लावते, लिहायला नंतर. मांडलेलं समोर असलं की मूल डावीकडून गठ्ठे पाहतं आणि अंक त्याच क्रमाने उतरतात. दुसरं, काही दिवस दोन्ही नावं शेजारी वापरते: "दोन दशक पाच, पंचवीस." तिसरा खेळ मुलांना फार आवडतो: तीन कुठे लपलाय ते शोधा. तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. प्रत्येकात तो वेगळा वेश घेऊन बसलाय. मग दोन शोधा, मग सहा. शंभर नावांची घोकंपट्टी ओझं वाटते, इथे मुलं कान देऊन ऐकतात.

बेरजा येतात, पण ८ + ४ = ▢ + ५ दिलं की गोंधळ होतो. का?

बहुतेक मुलं चौकटीत १२ लिहितात, काही १७. त्यांच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा'. आपण वर्षानुवर्षं चिन्हाच्या डावीकडे उदाहरण आणि उजवीकडे रिकामी जागा देत आलो, त्याचा हा परिणाम. पुढे बीजगणितात याचीच ठेच लागते.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून दोनदा 'खरं की खोटं' घ्या. फळ्यावर एकेक विधान लिहायचं: ८ = ५ + ३. ७ = ७. ६ + ४ = ४ + ६. ९ + २ = ११ + १. पहिल्या दिवशी वर्गातली अर्धी मुलं ७ = ७ ला खोटं म्हणतील, "यात काही केलंच नाही" म्हणून. वाद होऊ द्या. तराजूचं चित्र काढून दोन्ही पारड्यांत काय आहे ते विचारा. आणि '=' वाचताना 'बरोबर' ऐवजी काही दिवस 'आणि तेवढंच आहे' असं वाचा.

पाढे पाठ करून घ्यायचे की नाही?

घ्यायचे. पण किती पाठ करायचं आहे ते आधी मुलांना दाखवा, भीती निम्मी होते.

दहापर्यंतचे पाढे म्हणजे शंभर गुणाकार. ३ × ७ आणि ७ × ३ एकच हे कळलं की उरतात ५५. एक, दोन, पाच आणि दहा यांचे पाढे मुलांना लवकर येतात, ते काढा. उरले २१. नऊचा पाढा दहाच्या पाढ्यातून येतो, ९ × ६ म्हणजे साठातून सहा गेले. तेही काढले की राहतात १५. दहा ओळी आणि दहा स्तंभांचा गुणाकारांचा तक्ता भिंतीवर लावून एकेक घर मुलांकडूनच रंगवून घ्या. शेवटी कोरी उरलेली पंधरा घरं पाहिल्यावर एक मुलगा म्हणाला होता, "एवढेच?" त्या एका शब्दात त्याची वर्षभराची धास्ती होती.

त्या पंधरांसाठी चौकटीच्या वहीत आयत काढायचा खेळ घ्या. दोन फासे टाकायचे, आले तेवढ्या लांबी-रुंदीचा आयत रंगवायचा आणि आत गुणाकार लिहायचा. ज्याला पानावर जागा उरणार नाही त्याचा डाव संपला. ६ × ७ साठी फाशावर सात नसतो, तेव्हा ३ ते ८ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. मोठा आयत तोडून मोजायला मुलं आपसूक शिकतात: सहा साते म्हणजे पाच साते पस्तीस आणि वर एक सात.

तालावर पाढे म्हणायला माझी हरकत नाही. फक्त सुरात अडकलेलं मूल ७ × ८ विचारल्यावर 'सात एके सात' पासून सुरू करतं. तिथे त्याला मधूनच रस्ता सापडायला हवा.

वेळ लावून तोंडी परीक्षा घ्यावी का?

मी घेत नाही. भीती वाटली की मनात आकडे धरून ठेवायची जागा भीतीच अडवते, आणि येत असलेलंही आठवत नाही. वेग सरावाने येतो. मुलाला स्वतःच्या कालच्या वेळेशी तुलना करायची असेल तर खुशाल करू दे, पण फळ्यावर नावं आणि मिनिटं लावू नका.

वजाबाकीचा सराव मुलांना नकोसा होतो. काही रंजक आहे का?

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. तीन अंकांसाठी तीच गंमत ४९५ मध्ये आहे आणि ती तिसरी-चौथीला उत्तम जमते.

तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. समजा ३५२. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लहानात लहान, आणि वजा करा. ५३२ − २३५ = २९७. आता २९७ घ्या: ९७२ − २७९ = ६९३. मग ९६३ − ३६९ = ५९४. मग ९५४ − ४५९ = ४९५. पुन्हा करा, पुन्हा ४९५. मुलांना शेवटचं उत्तर आधी सांगू नका. प्रत्येकाला वेगळी संख्या द्या आणि एकेक जण "माझं अडकलं" म्हणेपर्यंत थांबा. शेजारच्याचंही त्याच संख्येवर अडकलंय हे कळतं तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. जास्तीत जास्त सहा वेळा वजाबाकी लागते. मधे ९९ आले तर ०९९ लिहून पुढे जायचं.

यात एका मुलाच्या हातून हातच्याच्या चार-पाच वजाबाक्या होतात, आणि चूक झाली तर ती त्याची त्यालाच कळते, कारण मधला अंक नेहमी ९ येतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. असं का? कोणी विचारलंच तर चौथीच्या मुलांना सांगा की प्रत्येक उत्तर ९९ च्या पाढ्यातलं आहे, तपासून पाहा. पाचवीला चार अंक द्या. ३५२४ घेतले तर तिसऱ्याच फेरीत ६१७४ येतात.

दुसरा खेळ वीसच्या शर्यतीचा. दोघांनी आळीपाळीने आधीच्या संख्येत १ किंवा २ मिळवायचे, जो वीस म्हणेल तो जिंकला. फ्रान्समधले गणितशिक्षणाचे अभ्यासक गी ब्रूसो यांनी या खेळावर बरंच काम केलं. काही डावांनंतर कोणाला तरी कळतं की १७ म्हटलं की आपण जिंकलोच. मग १७ साठी १४ लागतात, १४ साठी ११. मुलं उलटी मागे येत येत २ पर्यंत पोचतात. कृपा करून ही युक्ती तुम्ही सांगू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते, येऊ द्या.

वर्गात काही मुलं फार पुढे, काही फार मागे आहेत. एकच प्रश्न सगळ्यांना कसा द्यायचा?

ज्याला एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत असा द्यायचा. 'उत्तर २४ आहे, प्रश्न कोणता असेल?' कोणी २० + ४ म्हणतं, कोणी १०० − ७६, कोणी ४८ चे अर्धे. एकाच फळ्यावर सगळ्यांना जागा मिळते.

'वेगळा कोण?' हेही असंच. ८, १२, १५, २० लिहा आणि कोणती संख्या गटात बसत नाही ते विचारा. आठ एक अंकी आहे. पंधरा विषम आहे. वीसच्या शेवटी शून्य आहे. बारा एकटाच सहाच्या पाढ्यात आहे. चारही उत्तरं बरोबर, फक्त कारण पटायला हवं. एरवी गणितात न बोलणारं मूल इथे पहिल्यांदा बोलतं, असं मी अनेकदा पाहिलंय.

साहित्य नसेल तर?

काड्या, खडे, बिया, दोरी आणि रद्दी कागद एवढ्यावर पाचवीपर्यंतचं बहुतेक गणित होतं. वर्गात दोरी बांधा, एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १, आणि मुलांना अपूर्णांकांच्या चिठ्ठ्या अडकवायला सांगा. एक चतुर्थांश एक तृतीयांशाच्या पुढे लावला जाईल, कारण चार तीनपेक्षा मोठे. तेव्हा सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या घडी घालून दोरीला लावून पाहा. चिठ्ठी ते स्वतःच सरकवतात. घाई एकाच गोष्टीची करू नका, ती म्हणजे वस्तू काढून घेण्याची. वस्तू, मग तिचं चित्र, मग अंक; चित्राची पायरी आपण नेहमी गाळतो.

चुकीचं उत्तर फळ्यावर लिहिलं तर बाकीची मुलंही तेच शिकणार नाहीत का?

चूक नुसती तशीच सोडली तर शिकतील. तिचं कारण शोधलं तर नाही. ५२ − २८ = ३६ हे उत्तर घ्या. मुलाने आठातून दोन काढले, कारण 'मोठ्यातून लहान वजा करायचं' असं आपणच कधीतरी सांगितलं होतं. अशी चूक कोणाचं नाव न घेता फळ्यावर लिहून मी विचारते, "हे उत्तर आणणाऱ्याने काय विचार केला असेल?" मग २८ मध्ये ३६ मिळवून पाहायला सांगते. चौसष्ट येतात. पुढचं मुलंच बोलतात.

पालक म्हणतात, वहीत काहीच दिसत नाही.

त्यांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका. मी आठवड्यातून एकदा वहीत एक पान लिहून घेते: एक उदाहरण, दोन रीती, आणि खाली 'मला कोणती आवडली आणि का'. पालकांना ते पान दाखवते आणि सांगते की घरी मुलाला उत्तराऐवजी रीत विचारा. एका आईने पुढच्या भेटीत सांगितलं, की मुलाने तिला ९९ + ४७ मनातल्या मनात करायला शिकवलं.

प्रगती झाली की नाही हे कसं ओळखायचं?

छोटी वही ठेवा. रोज फक्त तीन मुलांची नोंद: काय म्हणाला, कोणती रीत वापरली, कुठे अडला. तीस मुलांचा वर्ग असेल तर दोन आठवड्यांत सगळ्यांची एक फेरी होते. जूनमध्ये बोटांवर मोजणारं मूल ऑक्टोबरात 'दहा करून घेतले' म्हणालं, की ते वाक्य तसंच, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. श्रेणी देताना मला गुणांपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते, आणि उद्या फळ्यावर कोणती संख्या लिहायची हेही तिच्यातूनच ठरतं.